धुतलेलं पान

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी काहींनी शाळेत माझ्यासारख्याला हात लावला असेल, पण त्याला पाहिलं मात्र नसेल. आम्हाला कोणीच पाहत नाही. सगळे आमच्यातून पाहतात, "अरे वा" म्हणतात आणि उठून जातात. ते कौतुक खाली ठेवलेल्या किड्याचं असतं, नाहीतर कांद्याच्या पापुद्र्याचं. माझ्या वाट्याला येते ती फक्त पापणी. तीही एका वेळी एकाच डोळ्याची, कारण मला वरती एकच नळी आहे. म्हणून मी माणसं चेहऱ्यावरून ओळखत नाही, पापण्यांवरून ओळखतो. ज्याच्या जवळ आयुष्यभर एवढंच येतं, तो एवढ्यावरच भागवायला शिकतो.

माझं अंग ओतीव लोखंडाचं आहे, वर काळा रंग. पायथ्याशी एक छोटा गोल आरसा आहे. तो उन्हाकडे वळवला की उजेड वर चढतो आणि काचपट्टीवर ठेवलेली वस्तू उजळते. माझं भिंग घासणारा कारागीर फार कमी बोलायचा. ओल्या चाकावर काच धरायची, उचलून खिडकीकडे बघायचं, नाक मुरडायचं आणि पुन्हा चाकावर धरायची, असं त्याचं चाले. ज्या दिवशी त्याने नाक मुरडलं नाही, त्या दिवशी मी तयार झालो. त्याने आपल्या बाहीचा एक धागा काढून माझ्याखाली ठेवला आणि बराच वेळ बघितलं. त्याच्या पापण्यांवर काचेची पूड बसलेली होती. मग त्याने मला पेटीत ठेवलं, आणि तो मला पुन्हा कधी दिसला नाही.

तिथून मी विद्यापीठात आलो. शेतीशास्त्राच्या प्रयोगशाळेत, नळाजवळच्या टेबलावर माझी जागा होती. पोरं यायची, कांद्याचा पापुद्रा ठेवायची, एक डोळा मिटायची आणि चुकून दुसराही मिटायची. मग जे दिसलं ते काढण्याऐवजी शेजारच्याच्या वहीतलं चित्र उतरवायची. मला राग यायचा, पण गंमतही वाटायची. दिवसभर गडबड असे. सुट्टी लागली की मात्र माझ्यावर पिवळं फडकं पडायचं आणि नळाच्या टपटपीखेरीज सोबतीला काही नसायचं.

पुढे नवे सूक्ष्मदर्शक आले. दोन-दोन नळ्यांचे, पोटात विजेचा दिवा असलेले. त्यांचा थाट बघून माझ्याकडे कोण फिरकणार? मला उचलून मागच्या कपाटात ठेवलं, फुटक्या बाटल्या आणि गंजलेल्या तराजूच्या शेजारी. तिथे मी किती वर्षं काढली, मला सांगता येणार नाही. अंधारात मोजणार तरी कशावरून?

मला तिथून बाहेर काढलं ते बाईंनी. बाई झाडांचे रोग शिकवायच्या. त्यांचा आवाज बारीक होता आणि जिद्द भारी होती. त्यांच्या मनाने घेतलं होतं की शेतकरी विद्यापीठात येत नाहीत, तर विद्यापीठाने शेतकऱ्यांकडे जायचं. "येतील कसे?" त्या शिपायाला म्हणाल्या. "फाटकावरच त्यांना विचारतात, कोण पाहिजे. कोण पाहिजे ते त्या बिचाऱ्यांना तरी कुठे ठाऊक असतं? हातात एक सुकलेलं पान असतं, बस." त्यांना गावात न्यायला एक सूक्ष्मदर्शक हवा होता आणि तिथे विजेचा भरवसा नव्हता. दोन नळ्यांच्या साहेबांचं घोडं तिथेच अडलं. बाईंनी कपाट उघडलं, रुमालाने माझ्यावरची धूळ पुसली आणि म्हणाल्या, "तूच चल."

मित्रांनो, त्या दोन शब्दांवर मी पुढची सगळी वर्षं काढली.

गाव लहान होतं. बाजाराच्या दिवशी आमची गाडी वाचनालयाच्या पडवीपाशी थांबायची. एक टेबल, त्याच्या आखूड पायाखाली पुठ्ठ्याची घडी, दोन खुर्च्या आणि पाटी: 'झाडांचा दवाखाना'. पहिल्या दिवशी एकच माणूस आला, तोही स्वतःच्या खोकल्याचं औषध मागायला. लोक लांबून थट्टा करायचे, "इंजेक्शन कुठे देता बाई, देठात का?" बाई म्हणायच्या, "तुम्ही पेशंट आणा, मग दाखवते कुठे देते." हळूहळू लोक येऊ लागले. भोपळ्याची पानं, वांग्याची फळं, मुळं, साली. बाईंचा एक नियम होता, रोगाचं कारण डोळ्याला दिसल्याशिवाय औषध सांगायचं नाही. "उगाच फवारून काय मिळणार? किडा मरेल का ते माहीत नाही, मधमाशी मात्र मरेल." एकाच्या घेवड्यावर मोठा रोग पडलाय म्हणून तो हातपाय गाळून आला होता. माझ्याखाली पान ठेवलं तर ती नुसती रस्त्याची धूळ निघाली. त्याचा जीव भांड्यात पडला.

दुपारी गर्दी ओसरली की बाई गावातल्या तरुण मुलामुलींचा वर्ग घ्यायच्या. माती कशी तपासायची, बी कसं निवडायचं, रोपवाटिका कशी लावायची. शाळा संपवून नुसती पारावर बसणारी मंडळी माझ्याभोवती ढकलाढकली करायची. मला सगळ्यांच्या पापण्या पाठ झाल्या होत्या. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात भरलेला काळ.

त्या वर्गात एका घरची सून यायची. प्रश्न विचारताना ती कपाळावर आठी घालायची आणि उत्तर पटलं की आठी जायची. विद्यापीठाकडून जाळीचं छप्पर आणि रोपांचे ट्रे मिळाले, तेव्हा तिने घरामागे मिरचीची रोपवाटिका लावली. तिचं ध्येय सोपं होतं. गावातल्या लोकांनी रोपं लांबून आणण्यापेक्षा तिच्याकडून न्यावीत. पण घरात एक गोष्ट अधांतरी होती. तिच्या नवऱ्याला शहरातल्या एका गोदामात काम मिळत होतं. तो जायला तयार होता, ही राहायला. शेवटी दोघांत ठरलं की एक हंगाम बघायचा. रोपं साधली तर गावात राहायचं, नाहीतर शहरात जायचं.

हे सगळं आम्हाला सांगितलं तिच्या सासूने. ती बाजारात भाजी विकायची आणि विकून झाली की पडवीत यायची. बाई तिला मावशी म्हणायच्या, म्हणून मीही तेच म्हणतो. मावशीचा नवरा केव्हाच गेलेला, एकच मुलगा. "दोघं गेली तर मी भिंतींशी बोलू का?" असं ती हसत म्हणाली होती. हसत म्हणाली, म्हणून कोणी फार मनावर घेतलं नाही.

एका बाजाराला मावशी रांगेत सगळ्यात मागे उभी राहिली. दोघातिघांना तिने पुढे जाऊ दिलं. मग पिशवीतून स्वच्छ फडक्यात गुंडाळलेलं मिरचीचं एक पान काढलं.

"सुनेच्या रोपांचं आहे," ती म्हणाली. "जरा वाकडी व्हायला लागलीत. तसं फार काही नाही."

बाईंनी पान माझ्याखाली ठेवलं. आरसा फिरवला, पान उलटं करून पाहिलं. हिरवंगार, स्वच्छ पान. शिरा अगदी नितळ. एवढं देखणं पान माझ्याखाली क्वचितच आलं असेल.

"यावर तर काही नाही, मावशी."

"मी म्हटलंच होतं सुनेला," मावशी म्हणाली आणि पान पुन्हा फडक्यात ठेवून निघून गेली.

पुढच्या बाजाराला ती पुन्हा आली, तसंच पान घेऊन. या वेळी रोपं जास्त आखडली होती म्हणे. बाई विचारात पडल्या. मिरचीचं पान असं वाकतं तेव्हा त्यावर बहुधा पांढरा कोळी नावाची कीड असते. तो इतका बारीक असतो की नुसत्या डोळ्याला दिसतच नाही. पण माझ्याखालीही तो दिसेना. मी माझ्या परीने डोळ्यात तेल घालून बघितलं. जे समोर नाही ते मी कुठून दाखवणार?

"पुढच्या वेळी अख्खं रोप आणा, मुळासकट," बाई म्हणाल्या. "आणि सुनेलाच पाठवा ना."

"ती कुठून येणार? दिवसभर त्या जाळीतच असते. मी आहे की."

त्यानंतरच्या बाजाराला मावशीने अख्खं रोप आणलं. ओल्या फडक्यात, तान्ह्या पोरासारखं दोन्ही हातांवर धरून. बाईंनी ते उलगडलं आणि त्यांचा हात थांबला. मुळांना मातीचा कण नव्हता. पानांच्या बगलेत पाण्याचे थेंब होते. आणि रोपाला शेंडाच नव्हता.

"मावशी, हे धुतलं कोणी?"

"मी. मग काय तसंच मातीचं आणू? दवाखान्यात न्यायचं म्हणजे जरा नीट नको का?"

"आणि शेंडा?"

"तो फारच वेडावाकडा दिसत होता. खुडून टाकला. चारचौघांत आणायचं, लोक म्हणतील सुनेने कशी रोपं वाढवलीत."

रांगेतले लोक हसले. बाईही हसल्या. मग त्यांचं हसू अर्ध्यावरच राहिलं.

"आधीची पानंही धुतली होती?"

"चांगली चोळून. दोन्ही बाजूंनी."

कोळी शेंड्यात राहतो, मित्रांनो. कोवळ्या, आखडलेल्या पानांच्या आत. मावशीने दर वेळी रोपवाटिकेतलं बऱ्यातलं बरं पान निवडलं होतं, चोळून धुतलं होतं आणि आमच्यापुढे आणून ठेवलं होतं. घरच्या दुखण्याला आंघोळ घालून तिने ते डॉक्टरकडे नेलं होतं. त्यात तिचा काय दोष? पाहुण्यांकडे जाताना तुमची आई तुमचं तोंड पुसते, तसंच तिने केलं.

बाईंनी रांगेची माफी मागितली, मला पेटीत ठेवलं आणि पेटी मांडीवर घेऊन गाडीतून मावशीच्या घरी निघाल्या. जाळीच्या छपराखाली एका पालथ्या बादलीवर त्यांनी मला मांडलं. तिथल्याच एका रोपाचा शेंडा, न धुतलेला, माझ्याखाली आला. तो नुसता वळवळत होता. बाईंनी पाहिलं आणि त्या बाजूला सरकल्या. मग सून वाकली. तिच्या लांब पापण्या माझ्या काचेला टेकल्या आणि बराच वेळ तशाच राहिल्या.

"किती आहेत," ती हळूच म्हणाली.

तिचा नवरा जाळीच्या तोंडाशी उभा होता. "बाई, तीन बाजार झाले, पान तुमच्याकडेच येतंय. मग तेव्हाच कसं कळलं नाही?"

मावशी मोरीपाशी उभी होती. तिचे हात ओले होते, आणि ती ते पुसायचं विसरली होती.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. "माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "पहिल्याच वेळी मी इथे यायला हवं होतं. टेबलावर बसून पानं बघत राहिले."

ते काही अगदी खोटं नव्हतं. म्हणून ते कोणाला खोटंही वाटलं नाही.

औषधाने कोळी मेला असता, पण आखडलेली रोपं आता उभारी धरणार नव्हती. आणि अशी रोपं दुसऱ्यांच्या शेतात गेली असती तर कोळी गावभर झाला असता. "देणारच नाही मी कोणाला," सून म्हणाली. तिने स्वतःच्या हाताने रोपं उपटून एकेक ट्रे रिकामा केला. तिची आठी तेवढ्यापुरतीसुद्धा गेली नाही. हंगाम हातचा गेला होता. थोड्याच दिवसांत ती दोघं शहरात गेली.

मला वाटलं, आता मावशी पडवीकडे फिरकणार नाही. पण पुढच्याच बाजाराला ती आली. तिच्याजवळ मिरचीचं एक पान होतं. मोरीमागे आपोआप उगवलेल्या झाडाचं, धुळीने माखलेलं.

"धुतलं नाही," तिने आधीच सांगून टाकलं.

बाईंनी पान माझ्याखाली ठेवलं. धुळीखाली ठणठणीत पान होतं. बाईंनी सावकाश पाहिलं, उलटं करून पाहिलं, आणि मग विचारलं, "पान चांगलं आहे. तुम्ही कशा आहात?"

मावशी खुर्चीत बसली आणि बोलू लागली. त्यानंतर ती दर बाजाराला येत राहिली, पान घेऊन. पान दर वेळी चांगलंच असायचं. बाई दर वेळी ते माझ्याखाली ठेवायच्या. रांगेतल्यांनी कधी कुरकुर केली तर म्हणायच्या, "पेशंट आहे ना? मग बघायला नको?" इतकी वर्षं मी रोगी पानं दाखवली, पण बाई इतक्या मन लावून निरोगी पान बघताना मला एक नवीनच काम मिळाल्यासारखं वाटायचं.

एकदा बाई म्हणाल्या, "मावशी, आज तुम्हीच बघा." ती आढेवेढे घेऊ लागली, मग वाकली. पहिल्यांदाच तिची पापणी माझ्याजवळ आली. विरळ होती, पांढरी झालेली.

"मला नुसत्या काड्या दिसतायत बाई."

"त्या तुमच्याच पापण्या. जरा मागे या."

ती मागे आली आणि तिला पान दिसलं. मग डोळा न काढताच बोलायला लागली, जणू मलाच सांगत होती. "सुनेला सांगितलं मी फोनवर. म्हटलं, मीच धुवायची गं. मीच शेंडा खुडला. ती म्हणाली, आई, मला तेव्हाच कळलं होतं. मोरीपाशी शेंडा पडलेला पाहिला होता मी. तुम्हाला लागेल म्हणून बोलले नाही." माझी काच ओली झाली. बाईंनी ती लगेच पुसली नाही.

बाईंच्या पापण्याही त्या वर्षांत पिकत चालल्या होत्या. एक दिवस त्या निवृत्त झाल्या. शेवटच्या बाजाराला त्यांनी मला वाचनालयाच्या कपाटात ठेवलं. "विद्यापीठात पुन्हा बाटल्यांमागे पडशील. इथे कोणीतरी काढेल," असं म्हणून त्यांनी किल्ली कारकुनाकडे दिली. कारकून भला माणूस आहे, पण मी फुटेन या धास्तीने त्याने कपाट आजवर उघडलेलं नाही.

दवाखाना बंद झाला असं मात्र नाही. विद्यापीठाने आता फोनवर सल्ला द्यायला सुरुवात केली आहे. पानाचा फोटो पाठवायचा आणि काही वेळात उत्तर येतं. खरं सांगायचं तर उत्तर बरोबर असतं. कोळी असेल तर कोळी सांगतात, लांबच्या वाडीतल्या माणसालाही गाडीची वाट बघावी लागत नाही. मी जळत असेन थोडा, पण नावं ठेवणार नाही.

पण कपाटाला काचेचं दार आहे, आणि मला पडवी दिसते. टेबल गेलं, खुर्च्या गेल्या. बाजाराच्या दिवशी मावशी येते. आता ती काठी घेऊन येते. टेबल गेल्यावर पहिल्यांदा आली तेव्हा तिने कारकुनाला पान दाखवलं. तो तत्परतेने उठला, पानाचा फोटो काढला, पाठवला. मावशी उभ्यानेच थांबली. उत्तर लवकर आलं. त्याने वाचून दाखवलं, "पान निरोगी आहे. काही करण्याची गरज नाही. धन्यवाद."

"बरं," मावशी म्हणाली.

"आनंदाची बातमी आहे मावशी," कारकून म्हणाला.

"हो ना," ती म्हणाली. तिने पान पुन्हा पिशवीत ठेवलं, कपाटाकडे एकदा पाहिलं आणि निघून गेली. त्या दिवशी मला वाटलं, मला पाय असते तर बरं झालं असतं. अजूनही ती कधी कधी येते. फोटो काढायला सांगत नाही. पायरीवर थोडा वेळ बसते आणि जाते.

मित्रांनो, आता माझ्या भिंगावर बुरशी चढली आहे. हसू नका. आयुष्यभर मी दुसऱ्यांची बुरशी दाखवली, आणि आता कोंदट कपाटात ती माझ्याच काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते आहे. मला मध्ये मध्ये बाहेर काढून कोरडी हवा दाखवली असती, मऊ कापडाने पुसलं असतं तर ती आली नसती. तुमच्या शाळेत, वाचनालयात माझ्यासारखा कोणी कपाटात बसला असेल तर त्याला बाहेर काढा. फुटेल म्हणून घाबरू नका. वापरून झिजलेलं आम्हाला चालतं. आणि दुखणं दाखवायचं असेल, पानाचं असो की स्वतःचं, तर ते धुऊन पुसून नेऊ नका, शेंडा खुडू नका. आहे तसं न्या.

हेही नाही जमलं तरी चालेल, माझं काय, वय झालंय. एवढं मात्र करा. कोणी म्हातारी हातात चांगलं, ठणठणीत पान घेऊन तुमच्या दाराशी आली, तर याला काही झालेलं नाही असं सांगून तिला परत पाठवू नका. तिला आधी खुर्ची द्या. मग पान हातात घ्या, आणि बघायला वेळ लावा.